खडबडीत रानातील बग्गी आणि तिची मागली चाके

बग्गी म्हटले की जुन्या पिढीच्या डोळ्यांपुढे दोन उमदे घोडे, पितळी कंदील आणि आत रेलून बसलेले कोणी संस्थानिक उभे राहतात. अलीकडे हाच शब्द एका निराळ्याच वाहनाला लागू झाला आहे. पोलादी नळ्यांचा उघडा सांगाडा, पाठीमागे इंजिन, एका माणसापुरती बैठक आणि चार दणकट चाके. छप्पर नाही, दारे नाहीत. रस्ता सोडून वाळूत, दगडगोट्यांत आणि चिखलात धावण्यासाठीच तिचा जन्म. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील मुले ही बग्गी आपल्या हातांनी बांधतात. अमेरिकेतील साउथ कॅरोलायना विद्यापीठात १९७६ साली विद्यार्थ्यांच्या अशा स्पर्धेची प्रथा पडली, आणि भारतात २००७ साली इंदूरजवळच्या पिथमपूर येथे तिचा आरंभ झाला. सलग चार तासांची शर्यत हा तिचा कळस. ज्या घरातील मुलगा वा मुलगी अशा पथकात असते त्या घरात वर्षभर वेल्डिंगच्या गोष्टी आणि खर्चाच्या वाटाघाटी चालतात, हे पुष्कळ श्रोत्यांच्या अनुभवाचे असेल.

या घरांत चर्चा बहुधा इंजिनाची होते. वस्तुतः इंजिन स्पर्धेच्या नियमांनीच ठरलेले असते. पथकाच्या शहाणपणाचा खरा कस लागतो तो मागल्या चाकांच्या सस्पेन्शनमध्ये; म्हणजे चाक आणि सांगाडा यांच्यामध्ये स्प्रिंग, दांडे आणि शॉक ॲब्झॉर्बर यांची जी जुळणी असते तीमध्ये. इंजिन मागे, गिअरबॉक्स मागे, चालकाचे बरेचसे वजन मागे. शिवाय गाडीला पुढे रेटण्याचे कामही मागल्याच चाकांचे. पुढील चाक दगडावर आपटले तर गाडी वाट चुकेल. मागील चाकाची भुजा मोडली तर गाडी जागच्या जागी बसेल, आणि ती उतारावर असेल तर उलटेलही.

घोड्यांच्या बग्गीने हा प्रश्न आपल्यापुरता कधीच सोडविला होता. लंडनच्या ओबाडाया इलियटने १८०४ साली पोलादी पाटे एकावर एक रचून केलेल्या कमानींवर गाडीची बैठक ठेवण्याची युक्ती काढली. तिचेच धाकटे रूप आपल्याकडे टांग्याच्या बैठकीखाली पाहावयास मिळे. बैलगाडीने मात्र ही चैन केली नाही. एक आख, दोन चाके, लोखंडी धाव. बसलेला प्रत्येक दणका वर साट्याला आणि पुढे जुवातून बैलांच्या मानेला.

आता कोणते सस्पेन्शन उत्तम, हा प्रश्न नुसता हवेत टाकला तर त्यास उत्तर नाही. वाळवंटाचे उत्तर वेगळे, सह्याद्रीच्या खडकाचे वेगळे. म्हणून एखादी प्रत्यक्ष जमीन समोर ठेवणे बरे. पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील लासुर्णे हे गाव त्यासाठी उत्तम आहे. बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या वाटेवर ते वसलेले आहे. आषाढी वारीत तुकोबारायांची पालखी बेलवाडीचे रिंगण आटोपून येथूनच पुढे अंथुर्ण्याकडे जाते. इंग्रजी अमदानीत निघालेल्या निरेच्या डाव्या कालव्याने या मुलखाला ऊस दिला आणि शेजारच्या भवानीनगरास सहकारी साखर कारखाना उभा राहिला. हमरस्त्यावर बग्गीला काहीच काम नाही. तिची परीक्षा हमरस्ता सोडल्यावर, शेताच्या बांधावर आणि चाऱ्या-पोटचाऱ्यांच्या कडेने जाणाऱ्या वाटेवर सुरू होते.

ही जमीन काळी. पावसात ती फुगते आणि चाकाला अशी बिलगते की चार फेऱ्यांत चाकाचे रूप ओळखू येत नाही. उन्हाळ्यात तीच भेगाळते आणि गाड्यांच्या चाकोऱ्या विटेसारख्या कडक होतात. ऊस तुटून गेल्यावर रानात धारदार बुडखे राहतात आणि त्यांवर पाचट पसरलेले असल्याने ते दिसत नाहीत. सरी-वरंब्याची रचना तर नियमित अंतराने मांडलेल्या धक्क्यांची मालिकाच. तिचे गणित पुढे येईल.

या रानात सर्वत्र दिसणारे यंत्र म्हणजे ट्रॅक्टर, आणि बहुतेक ट्रॅक्टरांचा मागला आस अंगालाच घट्ट जखडलेला असतो. स्प्रिंग म्हणून काय ती टायरमधील हवा. माणसाच्या पाठीच्या मणक्यांना सर्वांत अधिक जाच होतो तो सेकंदास ४ ते ८ या गतीच्या हादऱ्यांचा, आणि केवळ टायरवर डोलणारे जड वाहन या पट्ट्याच्या अगदी शेजारी वावरते. वर्षानुवर्षे ट्रॅक्टर हाकणाऱ्यांची कंबर का धरते, याचे एक कारण येथे सापडते. तेव्हा सस्पेन्शन हा शौकाचा विषय नव्हे. चाक जमिनीला धरून ठेवणे आणि अंगाचे डोलणे मणक्यांना सोसेल इतके संथ करणे, ही त्याची दोन कामे होत.

पहिला पर्याय अखंड आसाचा आणि पाट्यांच्या कमानीचा. १९४१ ची युद्धकालीन जीप पुढेमागे अशाच कमानींवर उभी होती, आणि युद्धानंतर महिंद्रांनी मुंबईत जी जीप जुळवावयास घेतली तीही तशीच. लासुर्ण्याच्या जवळच वालचंदनगर आहे. ते ज्यांच्या नावाने वसले त्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. पुढे तिची ‘पद्मिनी’ घरोघर पोहोचली. तिचाही मागला आस अखंड आणि खाली पाटे. या पाट्यांचा मोठा गुण असा की ते स्प्रिंगही होतात आणि आसाला जागेवर धरणारे दांडेही होतात. शिवाय पाट्यावर पाटा घासून डोलणे थोडे आपोआप शमते. एक पाटा तुटला तर लहानशा गावातही तो बदलून मिळतो. ज्याला ओझे वाहावयाचे आहे त्याने खुशाल हाच मार्ग धरावा. परंतु चालकासह अडीचशे किलोच्या बग्गीला हा जड आस परवडत नाही. तो स्प्रिंगच्या खाली असल्यामुळे दगडावर उसळला की हलक्या सांगाड्यालाच झुगारतो. एक चाक चाकोरीत उतरले की दुसरेही तिरपे होते, ते निराळेच.

दुसऱ्या पर्यायाचे नाव स्विंग ॲक्सल. फोक्सवॅगनच्या लहान मोटारीचे मागले अर्धे आस गिअरबॉक्सपाशी बिजागरीसारखे हलत. तिचेच भाग घेऊन ब्रूस मेयर्स यांनी १९६४ साली ‘मँक्स’ ही वाळूवर धावणारी बग्गी रचली, आणि १९६७ साली मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्नियाच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत ती पहिली आली. स्पर्धेतील ‘बाहा’ या नावाचे मूळ त्या द्वीपकल्पातच. इतका पराक्रम गाजवूनही ही रचना आज निवडू नये. वळणावर मागचे अंग उचलले गेले की चाक आतल्या बाजूस दुमडते, आणि दुमडले की अंग अधिकच उचलले जाते. शेव्हरोलेच्या कॉर्वेअर मोटारीत हाच दोष होता. राल्फ नेडर यांनी १९६५ साली आपल्या ग्रंथाचा आरंभ तिच्यापासूनच केला. कंपनीने १९६४ च्या मोटारीला एक आडवी कमान जोडून पाहिली आणि १९६५ च्या मोटारीत ती रचनाच टाकून दिली. वाळूवर चाक घसरून सुटते म्हणून ही खोड झाकली जाते. वाळलेल्या चाकोरीच्या कडेला चाक अडले तर घसरावयास वावच नाही.

उरले दोन पर्याय, आणि विद्यार्थ्यांचा खरा वाद या दोहोंतच असतो. दुहेरी विशबोन म्हणजे चाकाच्या वर एक आणि खाली एक, असे कैचीच्या आकाराचे दोन दांडे. त्यांची लांबी व कोन साधले तर सांगाडा कलला तरी चाक जमिनीवर सरळ उभे राहते. वळणावर यासारखी पकड नाही, आणि कागदावर ही आकृती फार देखणी दिसते. पथके बहुधा या देखणेपणालाच भुलतात. प्रत्येक चाकाला चार-पाच बिजागऱ्या, तितकेच रबरी बुश, तितकेच बोल्ट. त्यांतील एक ढिला झाला की साधलेले सारे कोन व्यर्थ. आणि लासुर्ण्याची काळी माती खालच्या कैचीच्या बेचक्यात जाऊन बसते, पाचट तिला दोरीसारखे बांधते, आणि थोड्याच वेळात तेथे किलो-दोन किलोचा गोळा तयार होतो.

याउलट ट्रेलिंग आर्म, म्हणजे सांगाड्याला पुढे बिजागरीने जोडलेली आणि चाकाला आपल्यामागे ओढत नेणारी एकच भुजा. ही रचना पाहण्यासाठी कोठे लांब जावयास नको. पुण्यातील बजाजची ऑटोरिक्षा मागल्या बाजूने वाकून पाहावी. खड्ड्यांनी भरलेल्या गल्लीतून तीन प्रवासी आणि त्यांचे सामान घेऊन ती कशी तग धरते, याचे रहस्य त्या आखूड भुजांत आहे. दगड समोरून आला की भुजा चाकाला मागे आणि वर जाऊ देते. धक्का अंगावर घेण्याऐवजी त्याला वाट देते. माती अडकावयास बेचके नाही. भुजा वाकलीच तर तालुक्याच्या गावचा वेल्डर ती सरळ करून देऊ शकतो. दोष आहेत. सांगाडा कलला की चाकही तितकेच कलते, आणि बाजूने बसलेला तडाखा भुजेला पिळतो. म्हणून तिची बिजागरी रुंद ठेवावी आणि भुजा पेटीसारख्या पोकळ आकाराची करावी. एवढी काळजी घेतली तर लासुर्ण्याच्या रानासाठी हीच निवड योग्य होय.

आता गणित. चालकासह गाडी २५० किलो धरली आणि त्यातील साठ टक्के भार मागे, तर प्रत्येक मागल्या चाकावर ७५ किलो. त्यातून चाक, ब्रेक वगैरे १५ किलो वजा जाता स्प्रिंगवर ६० किलो राहतात. उभ्या गाडीच्या भाराने चाक १० सेंटिमीटर वर सरेल अशी योजना केली तर अंगाचे डोलणे सेकंदास सुमारे १.६ होते, म्हणजे मिनिटास ९५. हेच अंतर निम्मे केले तर ते मिनिटास १३४ वर जाते आणि मणक्यांना जाचणाऱ्या पट्ट्याकडे झुकते. पुढील चाकांची स्प्रिंग याहून थोडी मऊ हवी. दणका आधी पुढे बसतो. मागले अंग किंचित जलद डोलले तरच ते पुढच्याला गाठते आणि गाडी झोपाळ्यासारखी पुढेमागे हेलकावत नाही. मॉरिस ऑली या अभियंत्याने १९३० नंतरच्या दशकात जनरल मोटर्समध्ये हे तत्त्व मांडले.

पुष्कळ पथके घसरतात ती पुढल्या पायरीवर. चाकापाशी दर सेंटिमीटरला ६ किलो ताठपणा हवा, म्हणून तेवढ्याच ताठपणाची स्प्रिंग आणून ती भुजेच्या मध्यावर बसवितात, आणि गाडी जमिनीवर फतकल मारून बसते. मध्यावर बसविलेल्या स्प्रिंगवर जोर दुप्पट येतो आणि तिला दबावयास अंतर मात्र निम्मेच मिळते. तेव्हा ताठपणा दुप्पट नव्हे, चौपट, म्हणजे दर सेंटिमीटरला २४ किलो हवा.

चाकाला शक्ती पोहोचविणाऱ्या अर्ध्या आसाचाही हिशेब याच वेळी करावा. अनेक पथके मारुती ८०० चे आस वापरतात, कारण ते सर्वत्र मिळतात. दोन सांध्यांमधील अंतर ४५ सेंटिमीटर असेल आणि चाक समपातळीपासून १२ सेंटिमीटर वर गेले, तर आस १५ अंश तिरपा होतो आणि त्याला सुमारे दीड सेंटिमीटर अधिक लांबी लागते. आतल्या सांध्यात तेवढी सरक नसेल तर पहिल्याच मोठ्या उडीत आस सांध्यातून निसटून बाहेर येतो.

शेवटी सऱ्यांचे गणित. चार फुटी सरीत वरंब्यापासून वरंबा सव्वा मीटरच्या आत असतो. सेकंदास १.६ डोलणारी गाडी ताशी सुमारे ७ किलोमीटरने या वरंब्यांना आडवी गेली, तर प्रत्येक धक्का नेमका डोलण्याच्या तालावर बसतो आणि झोक्याला लागोपाठ हात द्यावा तशी उसळी वाढत जाते. स्प्रिंग कितीही उत्तम असो, तेथे रक्षण करतो तो शॉक ॲब्झॉर्बर. म्हणून पहिली चाचणी वेगाची नसावी. ऊस तुटलेल्या, पाचट बाजूला केलेल्या रानात ताशी ७ किलोमीटरनेच गाडी वरंब्यांवरून न्यावी. शॉक ॲब्झॉर्बरच्या दांडीवर आधी एक रबरी कडे चढवावे. दांडी किती आत गेली ते त्यावरून कळते. कडे अगदी टोकाला भिडले असेल तर तेल व स्प्रिंग पुन्हा पाहावी. मग गाडी पाण्याने स्वच्छ धुऊन, वाळवून, भुजेच्या बुडाशी असलेले वेल्डिंग बोटाने आणि नजरेने तपासावे. तडा पडू लागला की प्रथम केसाएवढी तांबूस गंजाची रेघ दिसते. ती दिसताच त्या दिवशीचे धावणे तेथेच थांबवून भुजा उतरवावी.