खळग्याचं तोंड आणि पोट

सुट्टी लागली की शिरूर-दौंडकडची मंडळी गाडी काढून थेट कोकण गाठतात. खुशाल जा. पण आपल्या शिरूर तालुक्यातच, टाकळी हाजीला, कुकडी नदीने कातळ पोखरून जे करून ठेवलंय ते नीट किती जणांनी पाहिलंय? पलीकडचा काठ निघोजचा, दोन्ही काठांना मळगंगा देवीचं देऊळ. हे रांजणखळगे, म्हणजे नदीच्या कातळात कोरले गेलेले रांजणासारखे खोल खड्डे. मला एवढंच सांगायचंय की खळग्याचं तोंड बघून पोटाचा अंदाज बांधू नका.

ताकाचा डेरा डोळ्यांपुढे आणा. पुराचं पाणी भोवऱ्यात गोटा धरतं आणि रवीसारखा गरगरा फिरवतं. घरी लोणी वर येतं. इथे लोणी नाहीच, डेराच झिजतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा काळा पाषाण, तरी झिजतो! म्हणून वर तोंड लहान अन् खाली पोट सुटलेलं. आत पडलेल्याने धरायचं काय? कड आत वळलेली, भिंत तुकतुकीत. पट्टीचा पोहणारासुद्धा तिथे हतबल होतो. उन्हाळ्यात तळाशी सुपारीपासून नारळाएवढे गोल गोटे दिसतात. काही हौशी लोक ते पिशवीत घालून घरी नेतात! अहो, रवीच पळवली तर डेरा घुसळायचा कशाने?

गोटे नेले नाहीत, तरी नुसत्या गर्दीच्या पायांनीही जागा झिजते. फ्रान्समध्ये मार्सेयजवळ समुद्रकाठी चुनखडीच्या कड्यांत अशाच आडबाजूच्या चिंचोळ्या खाड्या आहेत. त्यांतल्या सुजितोंला इतकी झुंबड उडायची, की पायांखाली माती सुटून पाइनची मुळं उघडी पडली. २०२२ पासून तिथे उन्हाळ्यात दिवसाला ४०० माणसं, तीही आधी नोंदणी करून. आपल्याकडे असं करायचं झालं तर देवीला येणाऱ्या माणसाला अडवायचं कसं, हा प्रश्न आहेच.

आता पाण्याचं तेवढं सांगतो. पाऊस पडतो घाटमाथ्यावर, टाकळीत मात्र लख्ख ऊन. वर येडगाव धरणातून विसर्ग वाढला की नदीचा भरवसा नाही. तेव्हा पावसाळ्यात खाली कातळावर उतरायचं नाही, फोटोसाठी तर मुळीच नाही. पुलावरून बघा. पोरांचा हात धरून बघा. तोंड लहान दिसतं हो, पोट नाही.