गाडीचे ऑइल बदलताना

इंजिन कोमट असताना ऑइल सहज वाहते. रायपूरच्या मे महिन्यात मात्र ते आधी निवू द्यावे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. पसरट घमेले ठेवून ड्रेन बोल्ट आत दाबत हाताने फिरवावा, शेवटी झटकन बाजूला घ्यावा. धार आधी लांब पडते, मग जवळ येते; घमेलेही तसे सरकवावे. फिल्टरमध्येही ऑइल असते, म्हणून त्यावर पिशवी चढवून तो सोडवावा. जुनी रबरी रिंग इंजिनाला चिकटलेली नाही, हे पाहणे फार महत्त्वाचे. नव्या रिंगेला ऑइलचे बोट लावून फिल्टर हातानेच आवळावा. बोल्ट बसवून, नरसाळ्याने नवे ऑइल ओतून डिपस्टिक पाहावी. वापरलेले ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा ठरते. रायपूरचे पिण्याचे पाणी खारून नदीचे. म्हणून वापरलेले ऑइल गटारात ओतू नये, झाकणबंद डब्यातून अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी द्यावे.