वरून लिंपण

(१९९७ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मला ‘अमेरिकेतले अनुभव’ सांगायला सांगितलंय. सॉफ्टवेअरचं सांगितलं तर निम्मे जण झोपतील, म्हणून माझ्या गळक्या होडीची गोष्ट सांगते. उमरगा तालुक्यातल्या पोरीनं होडी घेतली, याला हसा खुशाल. पोहायला मी विहिरीतच शिकले.

सिएटलमध्ये आम्ही शिडाची एक जुनी होडी घेतली. १९७९ ची, तीस फुटी, फायबरची. तिथं हिवाळाभर पावसाची रिपरिप असते. पहिल्याच हिवाळ्यात आतल्या झोपायच्या फळीवर थेंब पडायला लागले. वर डेकवर कठड्याचे खांब बोल्टनी बसवलेले असतात. त्यांच्या बुडाशी मी सिलिकॉन फासलं. महिनाभर बरं गेलं, मग पुन्हा थेंब, पुन्हा सिलिकॉन. आधीच्या मालकानंही तेच केलं होतं. थरावर थर चढले होते.

शेवटी धक्क्यावरच्या एका म्हाताऱ्या कारागिरानं स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं डेक वाजवून दाखवला, आपण माठ घेताना वाजवतो तसा. चांगल्या जागी टणक आवाज, खांबाभोवती भद्द. या डेकमध्ये फायबरचे दोन थर असतात आणि मधे बाल्सा नावाचं अगदी हलकं लाकूड. माणूस कठड्याला रेलला की खांबाचं बूड किंचित हलतं, जोड सुटतो आणि बोल्टच्या भोकातून पाणी लाकडात शिरतं. टपकतं मात्र भलतीकडेच. मी वरून लिंपत होते आणि आत लाकूड कुजत होतं.

मग सगळं उघडलं. खांब काढले, जुनं सिलिकॉन खरवडलं, कारण त्याच्यावर दुसरं काही चिकटत नाही. भोकं मोठी करून ओलं लाकूड कोरून काढलं. कित्येक दिवस वाळू दिलं. पोकळीत घट्ट इपॉक्सी भरली आणि ती कडक झाल्यावर तिच्यातूनच नवं भोक पाडलं, म्हणजे पुढं कधी पाणी शिरलंच तरी लाकडापर्यंत जाणार नाही. भोकाची कड थोडी उतरती केली, बोल्टभोवती कणकेसारखी मऊ ब्यूटिल टेप गुंडाळली आणि खांब परत बसवला. बोल्ट फिरला तर जोड बिघडतो, म्हणून वर लेकीनं तो धरला आणि खालून मी नट आवळला. एकट्याचं काम नाही ते.

नट आवळताना लेकीनं विचारलं, “आई, तुमच्या घरी गळायचं तेव्हा काय करायचे?”

मी सांगितलं, आमचं माळवद होतं. दरवर्षी मृगाच्या आधी आजोबा वर पांढरी माती टाकायचे. जुनी कोण काढणार? गळलं की आणखी एक थर. सगळं गावच तसं करायचं. खाली सागवानी तुळया होत्या आणि चिखलात रचलेल्या दगडी भिंती.

पुढचं तुम्हाला सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३. गणपती आदल्याच दिवशी विसर्जित झाले होते. आपण सातवीत होतो. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत त्या पहाटे माणसं आपल्याच छपराखाली गाडली गेली. माझी आजी त्यांत होती. भूकंप कुणाला थांबवता येत नाही, पण ती माती आम्हीच वर्षानुवर्षं डोक्यावर चढवली होती. वाईट हेतूनं नाही हो, घर कोरडं राहावं म्हणूनच. इंजिनिअर होऊनही सिएटलमध्ये मी तेच करत होते, आणि हे कळायला मला पंचवीसहून जास्त वर्षं लागली.

आज आपण शाळेसाठी निधी जमवतोय. वर्गांना रंग द्यायचा असं ग्रुपवर ठरतंय. सकाळी मी आपल्या जुन्या वर्गात जाऊन आले. खिडकीवरच्या कोपऱ्यात ओल आहे, आणि तिच्यावर आधीच्या रंगाचे पोपडे सुटलेत. माझी एकच विनंती आहे. रंगाचे डबे आणण्याआधी एक चांगला गवंडी आणू आणि त्याच्याबरोबर आपल्यातले दोघं-तिघं छतावर चढू. पाणी कुठून शिरतंय ते उघडून बघू. पैसे जास्त लागले तर माझा वाटा वाढवा. रंग पुढच्या वर्षी देऊ.

शिडी धरायला मी आहे.