भेटीची जागा बदलली, भीती तीच



६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ च्या कक्षेतून वगळले. कायद्याच्या लेखी समलिंगी पुरुष त्या दिवसापासून गुन्हेगार राहिला नाही. परंतु हा न्याय घराच्या उंबरठ्याआत पोचला काय, हा प्रश्न समतेचे नाव घेणाऱ्या चळवळीने स्वतःला विचारला पाहिजे.

पूर्वी हे पुरुष उद्यानांत, रेल्वे स्थानकांच्या परिसरात एकमेकांना भेटत. मुंबईत १९९४ साली स्थापन झालेल्या हमसफर ट्रस्टसारख्या संस्थांचे कार्यकर्ते निरोध व आरोग्याची माहिती घेऊन तेथे जात. आज जोडीदाराचा शोध मोबाइलवर चालतो. आडगावच्या एकाकी तरुणाला आपल्यासारखे इतरही आहेत, हे त्यामुळे कळते. हा लाभ लहान नव्हे. मात्र उद्यानात जाणाऱ्या कार्यकर्त्याच्या दृष्टीस तो पडत नाही.

म्हणून मोबाइलला दोष देणे सोपे आहे, पण ते खरे नाही. रोगाला आश्रय मिळतो तो लपवालपवीत. ज्याला स्वतःची खोली नाही, तो घाईत व अंधारात भेटतो. तेथे निरोधाची गोष्ट निघत नाही. नाव उघडे पडण्याच्या धास्तीने गरमी-परमा अंगावर काढला जातो. भेटीस बोलावून लुबाडणाऱ्या टोळ्या याच धास्तीवर जगतात. लुबाडलेला माणूस पोलीस चौकीची पायरी चढणार नाही, हे त्या जाणून असतात. पैसेवाल्याला खाजगी डॉक्टर व स्वतंत्र सदनिका मिळते. चाळीत राहणाऱ्या कामगाराला गुप्तताही परवडत नाही. कलंकाचा भारही असा वर्गावर्गांत विषम वाटला गेला आहे.

वास्तविक साधने उपलब्ध आहेत. एचआयव्हीवरील औषधे सरकारी केंद्रांत २००४ पासून मोफत मिळू लागली. नियमित औषधाने ज्याच्या रक्तातील विषाणू चाचणीत सापडण्याच्या मर्यादेखाली राहतात, त्याच्यापासून लैंगिक संबंधातून लागण होत नाही, हे सिद्ध झाले आहे. संमतीविना चाचणी व नोकरीतील भेदभाव यांना २०१७ च्या कायद्याने मनाई केली. रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचे बंधनही घातले. तरीही केंद्राच्या दारातील एक कुत्सित नजर माणसाला परत पाठवू शकते.

र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले आणि लैंगिक विषयांवर निर्भीडपणे लिहिल्याबद्दल खटले सोसले. त्या परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या कार्यकर्त्याचे आजचे काम साधे आहे. तालुक्याच्या रुग्णालयात गुप्तता पाळली जाते की नाही, हे त्याने पाहावे. युनियनच्या बैठकीत समलिंगी सहकाऱ्याची टिंगल झाली, तर तेथल्या तेथे रोखावी. आणि लुबाडला गेलेला तरुण दाराशी आला, तर त्याच्यासोबत चौकीपर्यंत जावे.