फडताळातील संगणक

घरातील सामानाचे आयुष्य पुष्कळदा त्याच्या कामाहून मोठे असते. फडताळ ज्या पिढीने करून घेतले ती पिढी जाते, त्यातील तांब्यापितळेची भांडी मोडीत निघतात. पण सागवान मात्र तसेच उभे असते. मग घरात प्रश्न पडतो, याचे आता काय करावे?

बडोद्याच्या पश्चिमेचे गोत्री हे एकेकाळी निराळे खेडे होते. आज ते शहरात मिसळून गेले असून तेथे सदनिकांच्या इमारती उभ्या आहेत. दांडिया बाजार किंवा रावपुरा येथील जुन्या घरातून एखादे मराठी कुटुंब अशा सदनिकेत राहावयास येते, तेव्हा फडताळ, पायमशीन आणि जाळीचे कपाट यांचा निकाल दारातच लावावा लागतो. जागा थोडी, सामान फार. त्याच घरात संगणक, राउटर आणि वीज गेल्यावर आधार देणारी बॅटरीची पेटी यांना मात्र हक्काची जागा नसते. ती जमिनीवर तारांच्या गुंत्यात पडून असतात. एकीकडे काम नसलेले सामान आणि दुसरीकडे जागा नसलेली यंत्रे, यांची सांगड घालता येईल काय?

इतरत्र ती घातली गेली आहे. संगणकाची मोठी उपकरणे ज्या लोखंडी चौकटीत बसवतात तिच्या रुंदीचे माप १९ इंच, म्हणजे ४८२.६ मिलिमीटर असे ठरलेले आहे. २०१०च्या सुमारास नेदरलँड्समधील हौशी संगणकप्रेमींच्या ध्यानात आले की, आयकिया कंपनीच्या ‘लॅक’ नावाच्या स्वस्त टेबलाच्या पायांमधील अंतर या उपकरणांना नेमके जुळते. मग टेबलाच्या पायांनाच उपकरणे जोडण्यात आली. मात्र ते पाय बऱ्याच अंशी पोकळ असल्याने जड यंत्राला खालून आधार द्यावा लागतो. त्याआधी, १९९६ साली, स्टॅनफर्ड विद्यापीठात गूगलच्या जनकांनी आपल्या चार-चार गिगाबाइटच्या दहा डिस्क मुलांच्या खेळण्यातील ठोकळ्यांच्या पेटीत बसविल्या होत्या. तात्पर्य, यंत्राला पेटी कोणती याची फिकीर नसते. त्याची गरज वेगळीच असते, आणि ती म्हणजे वारा.

संगणक जेवढी वीज घेतो, तेवढी जवळजवळ सर्व अखेर उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकतो. शंभर वॉट घेणारा संगणक बंद फडताळात ठेवणे म्हणजे शंभर वॉटचा जुना तारेचा दिवा तेथे जळत ठेवून झडपा लावून घेणे होय. बडोद्याचा उन्हाळा चाळीस अंशांपलीकडे जातो. अशा वेळी कोंडलेले यंत्र आधी मंद होते, मग आपोआप बंद पडते. बॅटरीचे नुकसान तर डोळ्यांना दिसतही नाही: शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य दर दहा अंश वाढीव उष्णतेमागे साधारण निम्मे होत जाते. अशी बॅटरी भारित होताना त्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघू शकतो. म्हणून तिला बंद खणात स्थान नाही.

याचा अर्थ फडताळ निरुपयोगी आहे असा नव्हे. ते झाकण्यासाठी घडविलेले आहे, एवढे ओळखून त्यात बदल करावा. पाठीची फळी काढावी. गरम हवा वर चढते, म्हणून पुढे खालच्या बाजूस थंड हवेची वाट आणि मागे वरच्या बाजूस गरम हवेची वाट ठेवावी. भिंतीपासून वीतभर अंतर सोडावे. लाकूड विजेचे वाहक नसल्याने तीन पिनांच्या जोडणीतील भूमी-तारेची चोख तपासणी करून घ्यावी. वाळवीची पाहणी तर सर्वांआधी करावी. राउटर लोखंडी कपाटात ठेवू नये. लोखंड त्याच्या लहरी अडवते, लाकूड तितके अडवीत नाही. पायमशीनचा बिडाचा सांगाडा जड यंत्राचा भार सहज पेलतो. वर भक्कम फळी तेवढी हवी.

पण या कामी सर्वांत योग्य सामान कोणते म्हणाल, तर दूधदुभत्याचे जाळीचे कपाट. ते घडविणाऱ्या सुताराने संगणक पाहिला नव्हता. परंतु दूध नासू नये म्हणून वारा खेळता ठेवायचा आणि मांजराला बाहेर ठेवायचे, हे त्याला ठाऊक होते. यंत्राची मागणी याहून फारशी निराळी नाही. मुंग्यांसाठी पायांखाली ठेवलेल्या पाण्याच्या वाट्या तेवढ्या काढाव्यात आणि जाळीवरची धूळ वेळोवेळी झाडावी.

सयाजीराव महाराजांनी १८९० साली याच नगरीत कलाभवन स्थापून हस्तोद्योगांना विद्येचा मान दिला. त्या नगरीत एखादे जुने कपाट भंगारात घालण्यापूर्वी ते कशासाठी घडविले होते, हा प्रश्न विचारला जावा, ही अपेक्षा वावगी नाही. जुने सामान राखायचे ते केवळ आठवणीखातर नव्हे. नव्या कामास लावले तरच ते घरात टिकते. अडगळ म्हणून राखलेले सामान पुढच्या स्थलांतरात सर्वांत आधी घराबाहेर पडते.