भिंतीतील भोकाचा धनी कोण?

(हिंगोली जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)

इमारतींच्या आगसुरक्षेचा विषय अभ्यासवर्गात कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. त्यांना मी ९ जानेवारी २०२१ च्या रात्रीची आठवण करून देतो. भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षात १७ बालके होती. त्यांपैकी १० दगावली. शासनाने त्या वेळी सांगितल्याप्रमाणे तिघे भाजून गेली आणि सात धुराने गुदमरून. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगर जिल्हा रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग पेटला आणि ११ रुग्ण प्राणास मुकले. खाजगी रुग्णालयाचे बिल ज्यांना परवडत नाही अशांची ही रुग्णालये. म्हणून हा विषय आपला आहे.

आगीपासून बचावाचे दोन प्रकार असतात. पाण्याचे पंप, नळकांडी, धोक्याची घंटा ही झाली लढण्याची साधने. ती डोळ्यांना दिसतात, त्यांचे उद्घाटनही करता येते. दुसरा बचाव इमारतीच्या अंगातच असतो. भिंत, छत, आपोआप मिटणारे दार आणि बंदिस्त जिना यांनी आग व धूर एका खोलीत ठरावीक काळ कोंडून धरायचा असतो. २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या चौथ्या भागाप्रमाणे वायरी व नळ ज्या डक्टमधून जातात, त्या डक्टने किमान १२० मिनिटे आगीला दाद देता कामा नये. आपल्या जिल्ह्यात या मिनिटांचे मोल मोठे आहे. सेनगाव किंवा औंढा तालुक्यातील आडगावी आग लागली, तर शहरातून बंब येईपर्यंत माणसांना तारणारी ती भिंतच असते.

ही भिंत निकामी कशी होते, ते पाहा. गवंडी ती उत्तम बांधतो. मग वायरमन येतो आणि केबलसाठी तिला भोक पाडतो. नळवाला दुसरे पाडतो, वातानुकूलन बसवणारा तिसरे. प्रत्येकाचे कंत्राट वेगळे, मुकादम वेगळा, बिलही वेगळे. भोक बुजवणे मात्र कोणाच्याच बिलात नसते. फार तर कोणी बाजारातला साधा फोम भरतो, आणि तो आगीत स्वतःच पेटतो. प्लास्टिकचा नळ वितळला की तेथे धुराला मोकळी वाट मिळते. त्यासाठी उष्णतेने फुगून भोक बंद करणारी कडी नळाभोवती बसवावी लागते. तिची तरतूद अंदाजपत्रकातच नसेल, तर ती बसवणार कोण? शेवटी वर फॉल्स सीलिंग चढते आणि सर्वांची पापे झाकली जातात.

यात वायरमनला दोष देऊन काही साधणार नाही. त्याला जेवढे सांगितले, तेवढे त्याने केले. दोष आहे तो काम तुकड्यांत वाटून देणाऱ्या आणि त्या तुकड्यांचा सांधा कोणाच्याही माथी न ठेवणाऱ्या व्यवस्थेचा. सरकारी इमारतीतही बांधकामाची शाखा वेगळी आणि विद्युत शाखा वेगळी असते. भोक नेमके या दोघींच्या मध्ये पडते.

कायदा नाही असे नव्हे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा असून तो डिसेंबर २००८ पासून लागू आहे. जबाबदारी त्याने मालक व भोगवटादार यांच्यावर टाकली आहे. यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारीत व जुलैत सादर करायचे असते. पण ज्याची तपासणी, तोच तपासणाऱ्याला निवडतो आणि त्याचे पैसेही तोच देतो. नळकांडी मोजणे सोपे, छतावर चढून भोके मोजणे अवघड. आणि दुर्घटना घडली की गुन्हे कोणावर दाखल होतात? भंडाऱ्यात परिचारिकांवर झाले, नगरलाही डॉक्टर व परिचारिकांवर झाले. आराखडा मंजूर करणारे आणि बिले पास करणारे सुखरूप राहिले.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत. प्रत्येक सार्वजनिक इमारतीसाठी या सांध्याची जबाबदारी एका अधिकाऱ्यावर नावानिशी, लेखी टाकावी. प्रत्येक भोकाची नोंदवही ठेवावी. भोक कोणी पाडले, कशाने बुजवले, कोणी पाहिले, हे तीत छायाचित्रासह असावे. दोन्ही शाखांची संयुक्त तपासणी झाल्याखेरीज सीलिंग चढवू नये आणि कंत्राटदाराचे अखेरचे बिल देऊ नये. बुजवण्याचा खर्च निविदेतच स्वतंत्र बाब म्हणून यावा, म्हणजे तो कोणाला टाळता येणार नाही. तसेच प्रमाणपत्रे रुग्णालयाच्या व वसतिगृहाच्या दर्शनी भागी लावावीत.

साथींनो, यासाठी मोर्चाची वाट पाहण्याचे कारण नाही. माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज पुरे आहे. वसमत, कळमनुरी, हिंगोली येथील रुग्णालये, शाळा, वसतिगृहे यांची यादी करा, प्रमाणपत्रांच्या प्रती मागा आणि त्या हातात घेऊन इमारतीत जा. जिना मोकळा आहे की त्यात जुनी कपाटे रचली आहेत, दार मिटते की विटेने अडवले आहे, हे पाहायला अभियंता लागत नाही. जे पाहाल ते लिहून द्या, पोच घ्या आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. भंडाऱ्याच्या त्या सात बालकांना ज्वाळा शिवल्याही नव्हत्या. त्यांच्यापर्यंत पोहोचला तो धूर. तो अडवणे माणसाच्या हातचे काम आहे, आणि ते कोणाचे, हे ठरवून घेणे आपले.