कागदावरचे अंतर

रस्त्याने प्रवास करताना आपण मैलाच्या दगडाकडे पाहतो ते घर किती जवळ आले हे जाणण्यासाठी. परंतु याच रस्त्यावर असाही एक मोठा वर्ग वावरत असतो की, ज्याच्या घरची चूल त्या दगडावरील आकड्याच्या आधाराने पेटते. मालमोटारी चालविणाऱ्यांचा हा वर्ग. आपल्या ताटातील साखर, अंगावरील कापड आणि घराच्या भिंतीतील सिमेंट आणून पोचविणारा हा मनुष्य आपल्याला सहसा भेटत नाही. भेटतो तो त्याच्या गाडीचा धूर. त्याच्या मिळकतीविषयी आणि ती ज्या अंतरावर मोजली जाते त्या अंतराविषयी आज दोन शब्द बोलावयाचे आहेत.

हे बोलण्याचा माझा अधिकार बेताचा आहे. मी कधी ट्रक चालविला नाही. माझ्या उमेदीची काही वर्षे मात्र पुण्यातील एका माल वाहतुकीच्या कचेरीत हिशेबनीस म्हणून गेली. बिल्ट्या लिहिणे, चालकाला खेपेची उचल देणे आणि खेप पुरी करून तो परतला म्हणजे पोच पाहून हिशेब मिटविणे, हे माझे काम. म्हणजे या कथेत मी टेबलाच्या अलीकडच्या बाजूला बसलेला होतो, हे प्रथमच सांगून टाकतो.

या धंद्यातील वेतनाची रीत बाहेरच्या माणसाला चटकन उमजत नाही. चालकाला महिन्याचा पगार असतो, पण तो थोडा. संसार चालतो तो खेपेमागे मिळणाऱ्या भत्त्यावर. आणि पुष्कळ ठिकाणी हा भत्ता किलोमीटरवर मोजतात. निघताना डिझेल, नाके, जेवणखाण यांसाठी उचल दिली जाते. डिझेलचे मापही ठरलेले असते. एका लिटरमध्ये गाडीने अमुक किलोमीटर धावलेच पाहिजे. त्याहून अधिक तेल जळाले तर त्याची किंमत चालकाच्या नावे पडते. याला कचेरीच्या भाषेत ‘अ‍ॅव्हरेज’ म्हणतात. चालकाचा भत्ता आणि त्याच्यावरील वजावट, या दोहोंचा पाया एकच: अंतर.

आता हे अंतर कोणते? आमच्या कचेरीत भिंतीवर एक कोष्टक टांगलेले होते. पुणे ते इंदूर, पुणे ते हुबळी, पुणे ते नागपूर, असे आकडे त्यात एकाखाली एक मांडले होते. ते कोणी, केव्हा, कशावरून मांडले हे मी कधी विचारले नाही. भिंतीवरच्या गोष्टीला वेदवाक्याची प्रतिष्ठा फार लवकर मिळते.

समजा, कोष्टकात एका खेपेचे अंतर 600 किलोमीटर लिहिले आहे आणि गाडी प्रत्यक्षात 642 किलोमीटर धावली. माप लिटरला 4 किलोमीटरचे. कचेरी म्हणणार, डिझेल 150 लिटर लागावयास हवे. गाडीला मापाप्रमाणेच लागले तरी ते होते साडेएकशेसाठ लिटर. वरच्या साडेदहा लिटरची किंमत चालकाच्या पगारातून वजा. शिवाय वरच्या 42 किलोमीटरचा भत्ताही नाही, कारण कागदावर ते किलोमीटर अस्तित्वातच नाहीत. चूक कोष्टकाची, आणि तिचा दंड चालकाला दोनदा!

अशी वजावट मी स्वतःच्या हाताने केलेली आहे. 1994 सालची गोष्ट. आमच्याकडे नगर जिल्ह्यातील एक वयस्क चालक होते. आम्ही सारे त्यांना मामा म्हणत असू. इंदूरच्या खेपेत त्यांच्या नावे दर वेळी डिझेल निघे. ते कधी तंडले नाहीत. एके दिवशी मात्र त्यांनी खिशातून एक मळकी वही काढून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, “भाऊसाहेब, मी चोर असेन तर तसे तोंडावर म्हणा. पण एकदा हे आकडे वाचा, आणि मग म्हणा.”

वहीत प्रत्येक खेपेला निघताना आणि पोचताना मीटरवर दिसणारा आकडा लिहिला होता. अक्षर वेडेवाकडे होते. बेरजा बिनचूक होत्या. मी म्हणालो, “मामा, मीटर बिघडलेले असेल.” ते हसले. “मग तुम्हीच चला की बरोबर. दगड तर बिघडलेले नाहीत ना?”

मी गेलो. जाण्यामागे उदारता नव्हती. मामांचे म्हणणे खोटे पाडावे, हाच हेतू होता. त्या प्रवासात मला जे दिसले ते भिंतीवरच्या कोष्टकात नव्हते. कोष्टक पुण्यापासून मोजलेले, पण माल भरावयाचा तो शहराबाहेरच्या एका कारखान्यात. तेथवर रिकामी गाडी न्यावी लागली. वजनकाटा आणखी एका बाजूला. नगर, मनमाड, मालेगाव, धुळे असे करीत आम्ही शिरपूरच्या पुढे गेलो. सेंधव्याजवळच्या बिजासन घाटात भरलेली गाडी खालच्या गिअरमध्ये कण्हत चढत होती आणि मामा काट्याकडे न पाहता केवळ आवाजावरून सांगत होते की, आता तेल किती जळते आहे. सीमेवरच्या नाक्यावर रांगेत उभे राहून इंजिन पुनःपुन्हा चालू करीत आम्ही हातहात पुढे सरकलो. खलघाटला नर्मदा ओलांडली तेव्हा मामांनी हात जोडले. इंदुरात पोचलो, पण दिवसा अवजड गाड्यांना शहरात मज्जाव. म्हणून वळसा घालून पलीकडच्या बाजूच्या गोदामाशी गेलो. तेथे माल उतरण्यास दीड दिवस लागला. त्या दीड दिवसाचा भत्ता किती? काही नाही. चाक फिरत नव्हते ना!

परतल्यावर मी दगड मोजून केलेली बेरीज मामांच्या वहीशी ताडून पाहिली. दोहोंत दोन किलोमीटरचाही फरक नव्हता.

मालकांची बाजू मी विसरलेलो नाही. वाटेत डिझेल काढून विकणारे चालक असतात, हे खोटे नव्हे. आपल्याकडे बहुतेक मालमोटारी एकदोन किंवा चारपाच गाड्या बाळगणाऱ्या लहान मालकांच्या आहेत. त्यांना भाडे मिळते ते दलालाच्या हातून आणि पुष्कळदा महिनोन् महिने उशिरा. कर्जाचा हप्ता मात्र वेळेवर द्यावा लागतो. टोल वाचावा म्हणून असा मालक जुन्या, गावागावांतून जाणाऱ्या रस्त्याने जाण्यास सांगतो. नाक्याचे पैसे वाचतात. पण वाढलेले तास, झिजलेले टायर आणि अधिक जळलेले डिझेल यांचा भार हळूहळू खाली सरकतो आणि जो सर्वांत खाली बसला आहे, त्याच्या खांद्यावर येऊन थांबतो.

हे केवळ आपल्याच देशात घडते असे नाही. अमेरिकेत लांब पल्ल्याच्या पुष्कळ चालकांना मैलावरच वेतन मिळते. तेथेही जवळात जवळच्या मार्गाचे पुस्तकी मैल आणि ट्रकला खरोखर जाता येते त्या मार्गाचे मैल, यांवरून चालकांच्या तक्रारी असतात. अधिक तासांच्या कामाला दीडपट वेतन देणारा तेथील 1938 चा कायदा या चालकांना त्या तरतुदीतून वगळतो. दिवसाला 11 तासांहून अधिक गाडी चालवू नये असा नियम आहे, आणि 2017 च्या डिसेंबरपासून हे तास यंत्राने नोंदविणे बहुतेकांना सक्तीचे झाले. यंत्र तास मोजते, मालक मैल मोजतो. आणि गोदामाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाचा कामाचा दिवस एकीकडे सरत असतो, तर दुसरीकडे कमाई थांबलेली असते.

आपल्या संसदेने 1961 साली मोटार वाहतूक कामगारांसाठी कायदा केला. दिवसाला 8 तास आणि आठवड्याला 48 तास, ही त्याची मर्यादा. लांब पल्ल्यासाठी काही सवलत. परंतु पाचांहून कमी कामगार असलेल्या संस्थांना तो आपोआप लागू नव्हता. आता त्याची जागा 2020 च्या संहितेने घेतली आहे. नुकसानीपोटी वेतनातून वजावट करण्यापूर्वी कामगाराचे म्हणणे ऐकून घ्यावे, हे तत्त्व तर 1936 च्या वेतनविषयक कायद्यापासून आपल्याकडे नांदत आहे, आणि 2019 च्या वेतन संहितेतही ते कायम आहे. मी मामांची वजावट करीत होतो तेव्हा हे तत्त्व पुस्तकात होते. माझ्या टेबलापर्यंत ते आले नव्हते.

आज काळ पालटला आहे. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला आणि सीमेवरील करवसुलीचे नाके उठले. 2018 पासून मालाबरोबर ई-वे बिल असते. त्याची मुदत आधी दर 100 किलोमीटरला एक दिवस अशी होती. 1 जानेवारी 2021 पासून ती दर 200 किलोमीटरला एक दिवस झाली. या व्यवस्थेतील एक लहानशी गोष्ट मला मोठी वाटते. संगणकाने काढलेल्या अंतरात 10 टक्क्यांपर्यंत वाढ करण्याची मुभा तेथे आहे. म्हणजे कागदावरचे अंतर आणि रस्त्यावरचे अंतर निराळे असू शकते, हे सरकारी यंत्रणेने मान्य केले आहे. पुष्कळ कचेऱ्यांनी ते अजून मान्य करावयाचे आहे.

आता गाडी कोठे आहे हे मालकाला दूरवर बसून दिसते. यंत्र खरे अंतर सांगते; पण ते अंतर चालकाच्या हिशेबात धरावयाचे की नाही, हे अजूनही माणूसच ठरवितो. म्हणून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. अंतर मोजावे ते माल भरल्या फाटकापासून माल उतरला त्या फाटकापर्यंत, आणि त्यासाठी केलेली रिकामी धावही त्यात धरावी. थांबून राहिलेल्या तासांनाही मोल असावे; कारण भत्ता बुडाला की मनुष्य तो झोप मोडून भरून काढतो, आणि ती मोडलेली झोप त्याच रस्त्यावरून जाणाऱ्या तुमच्या-आमच्या जिवावर येते. आणि वजावटीचा आकडा लिहिण्यापूर्वी समोरच्या माणसाची वही वाचावी.

त्या प्रवासानंतर मी मालकांपुढे आकडे ठेवले. कोष्टक बदलले, आणि पुढच्या महिन्यापासून मामांच्या नावे डिझेल निघेनासे झाले. मागची वजावट मात्र परत मिळाली नाही. जुने हिशेब मिटलेले आहेत, असे मला सांगण्यात आले, आणि मीही पुन्हा विचारले नाही. दोन वर्षांनी मामा काम सोडून गावी गेले. जाताना त्यांनी माझा निरोप घेतला, त्यात कसलाही राग नव्हता. कचेरीच्या वहीत ते खाते मिटलेले आहे. माझ्या लेखी ते अजून उघडे आहे.